दयेला माहितीची जोड हवी
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्यात भावाचे बोलणे झाले, विजेच्या बिलाचे झाले, पाण्याच्या पाळीचे झाले. आता हा माणूस उठून एका पाखराची गोष्ट सांगणार, म्हणून मागे बसलेल्या मंडळींपैकी काही जण तंबाखूच्या निमित्ताने उठायला लागतील. उठू नका. ही गोष्ट हरभऱ्याची आहे, गोफणीची आहे, सरकारी कायद्याची आहे आणि माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. चुकीची गोष्ट माणूस सहसा चारचौघांत सांगत नाही. मी सांगतो आहे, कारण तीच चूक तुमच्यापैकी प्रत्येक जण करणार आहे. आणि ती तुम्ही दुष्टपणाने करणार नाही, चांगुलपणानेच करणार आहात.

पाहुणे आणि हरभरा

आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात गावात दाणा नव्हता, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडून आणि पाट्यांनी माती वाहून माझ्या आईबापांच्या पिढीने तो बांधला. बांधला तो विहिरींना पाझर मिळावा म्हणून. पाखरांसाठी कोणी बांधला नव्हता. पण पाणी साठले आणि बोलावल्याशिवाय पाखरे आली. बगळे आले, पाणकावळे आले, कपाळावर पांढरा टिळा लावलेली काळी वारकरी पाखरे आली आणि थंडीत करकोचे यायला लागले.

करकोचा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका, कमरेएवढी उंची. पुस्तकात त्याला कांड्या करकोचा म्हणतात. राजस्थानात कुरजां म्हणतात. मध्य आशियात आणि मंगोलियाच्या गवताळ मैदानात त्याची वीण होते. तिथून हिमालय ओलांडून तो आपल्याकडे येतो आणि उन्हाळा लागण्याआधी परत जातो. दोन-अडीच किलोचे पाखरू, पण एवढी मजल मारते. रात्री हा थवा तलावाच्या कडेला उथळ पाण्यात उभ्याने झोपतो. कोल्हा-कुत्रा जवळ आला की पाण्याचा आवाज होतो आणि थवा सावध होतो. दिवस उगवला की थवा शेतात उतरतो.

आणि शेतात काय असते? हरभरा. माझा दीड एकर हरभरा तलावाला लागून आहे. शहरातली मंडळी दुर्बिणी घेऊन येतात आणि म्हणतात, काय सुंदर दृश्य! दृश्य सुंदर आहेच. पण ज्या घाट्यांवर ते दृश्य उतरते त्या घाट्या माझ्या आहेत. थवा तासभर बसला तर दोन-तीन गुंठ्यांचे वाटोळे होते. म्हणून मी बांधावर उभा राहून गोफण फिरवतो. माझ्या बापाने फिरवली, मीही फिरवतो. त्याची मला लाज वाटत नव्हती. दगड पाखराला लागावा म्हणून मी कधी मारला नाही, पाखरू उठावे म्हणून मारला. पण दगड हातातून सुटला की तो आपले ऐकत नाही, हेही तितकेच खरे.

एकटे उभे असलेले पाखरू

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. त्या वर्षी आमच्या मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता. तलाव निम्म्याहून खाली गेला होता आणि पाण्याभोवती सगळीकडे नुसता गाळ होता. सकाळी थवा उठला आणि शेतात न येता पलीकडे निघून गेला. गाळात एक करकोचा एकटाच उभा राहिला. डावा पंख असा लोंबत होता, जसा एका खुंटीवरून सुटलेला सदरा. उडायला जाई आणि तोंडावर पडे. वरून आणखी एक करकोचा घिरट्या घालत होता. तो ओरडे, खालचा उत्तर देई. करकोचे जोडीने राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घरी येऊन सांगितले तर घरची एवढेच म्हणाली, "अहो, काल सांजच्याला गोफण कुणी मारली होती?"

मी उत्तर दिले नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी तीन दगड मीच मारले होते. तलावाच्या अंगाने विजेची लाईनही गेली आहे आणि संधिप्रकाशात करकोचे तारेला धडकतात, हेही मला माहीत होते. दिवसभर मी स्वतःला तारच सांगत राहिलो. पण पाय मात्र तलावाकडे वळले.

तास-दीड तासाचा पाठलाग

धाकटा पुतण्या, त्याचे दोन मित्र आणि मासे धरणारा भोई समाजाचा एक गडी असे आम्ही पाच जण निघालो. काय करायचे ते कोणालाच माहीत नव्हते. पण पाच माणसे जमली की कोणीच थांबून विचार करत नाही, सगळेच धावतात. आम्हीही धावलो. पाखरू पळाले. करकोच्याचे पाय लांब, गाळात तो हलका, आपण जड. आम्ही इकडून गेलो की ते तिकडे. पोरांना मजा वाटायला लागली. असा तास-दीड तास गेला. पाखराची चोच उघडी पडली होती आणि ते दर पन्नास पावलांवर गुडघे टेकत होते. आम्हाला वाटले, दमले, आता सापडेल. ते दमले नव्हते, मरायला लागले होते. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

तेवढ्यात पुतण्या ओरडला. तो मांडीपर्यंत गाळात रुतला होता. ओढायला गेला तो मित्रही रुतला. जिथून गावाने पूर्वी माती काढली होती तो खड्डा गाळाने वरून सपाट दिसत होता. पोर कमरेपर्यंत गेला तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले. भोयाने डोके चालवले. आपले जाळे पसरून गाळावर टाकले, त्यावर पालथा पडला आणि पोराला काखेत धरून इंच इंच बाहेर काढले. त्या वेळी पाखराकडे कोणाचे लक्ष नव्हते. भावाला मी काय तोंड दाखवले असते? सतरा वर्षांचे पोर एका पाखरापायी घालवले, असेच ना?

भावांनो, माझी पहिली चूक इथे झाली. जखमी पाखराला वाचवायला निघालेल्या माणसाने पहिल्यांदा माणसे मोजावीत आणि परत येताना तेवढीच आहेत की नाहीत ते पाहावे.

पुढे भोयाने त्याच जाळ्यात करकोचा धरला. मी उत्साहाने उचलायला वाकलो आणि त्याने चोच हाणली. डोळा थोडक्यात वाचला. भुवईवर ही खूण आहे, पुढे बसलेल्यांना दिसत असेल.

सगळ्यांची दया

पाखरू घरी आणले. अर्ध्या तासात अंगणात निम्मे गाव जमले. आणि मग सुरू झाली दया.

एकाने हळद लावली. एकाने पंखाला कामटीची पट्टी बांधली, ती इतकी आवळून की पंख काळा पडला. पळू नये म्हणून पायाला सुतळी बांधली. शेजारच्या आत्याबाई वाटीभर दूध घेऊन आल्या. "लेकरू उपाशी आहे," म्हणाल्या. मी चोच उघडून धरली आणि त्यांनी चमच्याने दूध ओतले. भाकरीचा काला भरवला. पोरे हात लावत होती, कुत्री भुंकत होती, कोणी फोटो काढत होते. पाखरू एकदम शांत झाले. आत्याबाई म्हणाल्या, "बघा, माणसाळलं."

एक गृहस्थ हळूच म्हणाले, "दोन-अडीच किलो भरेल." त्यांना घरच्या बाईने असे पाहिले की ते परत बोलले नाहीत. दुसरे गृहस्थ कानाशी लागले, "तात्या, ही भानगड घरात ठेवू नका. केस होती. रातोरात तलावावर सोडून द्या."

मी फोन लावले. जनावरांच्या दवाखान्यात विचारले तर उत्तर आले, रानपाखरू आहे, वनखात्याने लेखी सांगितल्याशिवाय हात लावता येत नाही. वनखात्यात लावला तर कळले की त्या भागाचा वनरक्षक चाळीस किलोमीटरवर, दुसऱ्या कामात आहे, सकाळी येईल. कोणी वाईट बोलले नाही. सगळे नीटच बोलले. फक्त पाखरासाठी त्या रात्री कोणीच नव्हते.

रात्री डालग्याखाली ते झाकून ठेवले, शेजारी कोंबड्यांचे खुराडे. तलावाकडून दुसऱ्याचा आवाज येत होता. पहिल्यांदा डालग्यातून उत्तर गेले. मग गेले नाही. पहाटे डालगे उचलले तेव्हा पाखरू मान टाकून पडले होते.

पंचनामा

सकाळी वनरक्षक आला. तरुण पोरगा, शेतकऱ्याच्याच घरातला. त्याच्याबरोबर जनावरांचे डॉक्टरही आले, आता लेखी होते ना! पंचनामा झाला. मी सही केली. माझ्या दोन-तीन गुंठ्यांचा पंचनामा कधी कोणी केला नव्हता, मीही मागितला नव्हता. त्या पाखराचा झाला, त्यावर माझे नाव लागले.

डॉक्टरांनी पाखरू तपासले. मी हिय्या करून विचारले, "साहेब, हा दगडाचा मार की तारेचा?" ते म्हणाले, "हाड मोडलंय. दगडानंही असं मोडतं, तारेला धडकूनही मोडतं. यावरून मी सांगू शकत नाही." मला सुटका हवी होती, ती मिळाली नाही. अजूनही मिळालेली नाही.

पण पुढे ते जे बोलले ते जास्त लागले. म्हणाले, "पंखानं ते मेलं नाही. मोडक्या पंखानं पाखरू एका रात्रीत मरत नाही. त्याला तुम्ही पळवलं आणि दूध पाजलं, त्यानं मेलं."

मग त्यांनी समजावून सांगितले. पाखराची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते. आपण चोच उघडून वरून ओतले की दूध पोटात न जाता फुप्फुसात जाते. शिवाय दूध पाखरांना पचत नाही, ती काही वासरे नव्हेत. दुसरे, लांब पायांची पाखरे फार वेळ जिवाच्या भीतीने पळवली की त्यांच्या स्नायूंचीच नासाडी होते. त्याचे विष रक्तात उतरते आणि पाखरू तासांनी किंवा दिवसांनी मरते. तिसरे, माणसाच्या हातात पाखरू शांत झाले म्हणजे ते माणसाळले असे नव्हे. भीतीने गोठले असा त्याचा अर्थ असतो. आपण त्याला गोंजारतो तेव्हा त्याच्या लेखी कोल्ह्याने धरलेले असते.

आमच्या दारात त्या दिवशी एकही दुष्ट माणूस नव्हता. ज्याने मांसाचे नाव काढले त्याने तर पाखराला हातही लावला नाही. मारले ते आम्ही दयावंतांनी.

हंस कोणाचा?

लहानपणी शाळेत आपण सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट ऐकली. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने हंस वाचवला, आणि निवाडा झाला की पाखरू मारणाऱ्याचे नव्हे, वाचवणाऱ्याचे. आजचा कायदा वेगळा आहे. आज हंस देवदत्ताचाही नाही आणि सिद्धार्थाचाही नाही. तो सरकारचा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याचे कलम ३९ आहे. वन्यप्राणी तुमच्या ताब्यात आला तर तो सरकारी मालमत्ता समजून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपल्याला वाटते, मी वाचवले, मी सांभाळतो, बरे झाले की सोडतो. मनाने ते बरोबर आहे, कायद्याने नाही.

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुणाने शेतात सापडलेला पाय मोडलेला सारस घरी नेऊन बरा केला. सारस त्याला सोडून जाईना, गाडीमागे उडत येई. ते चित्र देशभर फिरले. २०२३ च्या मार्चमध्ये वनखात्याने सारस नेला आणि त्या तरुणाच्या हातात नोटीस पडली. खात्याचे म्हणणे असे, की रानपाखराला माणसाची सवय लागली की ते पुन्हा रानाचे राहत नाही. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मदतीला सुटसुटीत वाट नसली आणि नोटिशीला मात्र सरळ रस्ता असला, तर गावातला शहाणा माणूस काय करील? जखमी पाखरू दिसले की तोंड फिरवून चालू लागेल. कायदा पाखरासाठी केला, त्याचा धाक मात्र पाखराच्या मदतीला येणाऱ्याला बसला.

म्हणून आपल्याला कायदा मोडायचा नाही, त्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे. नागपूरला २०१५ पासून वनखात्याचे जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, म्हणजे हे करता येते. प्रत्येक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याला जखमी रानपाखरावर प्रथमोपचार करण्याची कायमची लेखी मुभा असावी, एवढी साधी मागणी आहे. त्याला इमारत लागत नाही आणि निधीही लागत नाही. एक कागद लागतो.

आता कामाचे

डॉक्टरांनी आणि त्या वनरक्षकाने जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. ते तुम्हीही लिहून घ्या.

पाखरू पडलेले दिसले की आधी लांबून पाहा. कधी ते नुसते दमलेले असते, कधी पिल्लू असते आणि आई जवळच असते. पंख लोंबतो आहे, रक्त आहे, जाळ्यात किंवा मांजात अडकले आहे, कुत्री मागे लागली आहेत, तरच हात घाला.

पाणी आणि गाळ असेल तर एकट्याने उतरू नका. पोरांना उतरवू नका. दोर बरोबर ठेवा.

पळवू नका. दोघा-तिघांनी सावकाश काठाकडे घ्यायचे, पाच-दहा मिनिटांत जमले नाही तर थांबायचे. अंगावर उपरणे किंवा गोणपाट टाकायचे. डोळे झाकले की पाखरू निवते. बगळा आणि करकोचा डोळ्यावर चोच मारतो, म्हणून आधी डोके धरायचे, पण नाकपुड्या दाबायच्या नाहीत.

जाळे किंवा मांजा अंगात रुतला असेल तर ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांवर सोडा. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो झाडावर आणि तलावावर सापडतोच.

खोक्याला भोके पाडा, तळाला गोणपाट टाका, त्यात ठेवा आणि झाकून अंधाऱ्या, निवांत जागी ठेवा. पट्टी बांधू नका, हळद लावू नका. दूध नाही, भाकरी नाही, चोचीत पाणी नाही. आपल्या मायबहिणींना हे जड जाईल. दारात आलेल्याला उपाशी ठेवायची आपली रीत नाही. पण त्या रात्री उपाशी ठेवणे हीच त्याची चाकरी असते.

कोंबड्यांजवळ ठेवू नका. हात साबणाने धुवा. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, ते तुम्हाला आठवत असेल. एकापेक्षा जास्त पाखरे मेलेली दिसली तर शिवूच नका, नुसते कळवा.

आणि कळवायचे ते लगेच. महाराष्ट्र वनखात्याचा १९२६ हा फुकटचा नंबर आहे. फोन केल्याची वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. आपण ४८ तासांच्या आत कळवले, याचा तोच पुरावा.

गोफणीचे काय?

शेवटी कोणीतरी विचारणारच, की मग हरभरा पाखरांना देऊन टाकायचा का? नाही. हरभरा माझा आहे. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. तिथले लोक कुरजांना रोज दाणे टाकतात आणि थंडीत तिथे हजारोंनी पाखरे उतरतात. त्यांचे कौतुक आहे. पण ते दाणे गावाने राजीखुशीने काढलेले असतात. आपल्या शेतातून न विचारता गेलेल्या दाण्याला दान म्हणत नाहीत.

मी गोफण सोडली नाही. दगड सोडला. आता दिवस उगवण्याआधी बांधावर जातो, चमकी फिती लावतो, डबा वाजवतो, गोफणीचा नुसता फटका काढतो. थवा उतरण्याआधीच माणूस उभा दिसला तर तो पलीकडच्या पडीत रानात जातो. एकदा बसला की मग दगडाशिवाय उठत नाही. थोडक्यात, जे काम दगड करत होता ते आता माझी झोपमोड करते. थोडे नुकसान होते. ते मी हिशेबात धरले आहे.

तलावाकाठी टाकलेली फाटकी जाळी आम्ही उन्हाळ्यात गोळा केली. भोयांनीच पुढाकार घेतला. तलावावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना दिसण्याजोग्या चकत्या लावाव्यात म्हणून अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर अजून यायचे आहे. चावडीच्या भिंतीवर १९२६ लिहिला आहे. दुकानातून एक मोठे खोके आणून समाजमंदिराच्या माळ्यावर ठेवले आहे. गेल्या हिवाळ्यात त्यात एक वारकरी पाखरू गेले. जाळ्यात अडकले होते. दूध द्यायला आत्याबाई आल्याच होत्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "माहीत आहे रे, आता मीच लोकांना अडवते." दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षकासमोर खोके उघडले. पाखरू पाण्यावर धावत धावत उठले आणि आपल्या दिंडीत मिसळले.

तो दुसरा करकोचा मात्र चार दिवस तलावावर येत होता. पाचव्या दिवशी आला नाही.

प्रत्येक गावात दोन माणसे, एक खोके आणि भिंतीवर एक नंबर, एवढेच मागणे मागून मी खाली बसतो.